निकमकाकांची रंगीत तालीम

वणीच्या गडावर जायचं ठरलं की निकमकाका आणि काकू आदल्या दिवशीही निघायचे. पिशव्या भरून, दशम्या बांधून पहाटे सीबीएसवर, नाशिकच्या मोठ्या बसस्थानकावर, जायचे, वणीच्या गाडीच्या रांगेत उभे राहायचे आणि दारापाशी पोचले की काका कंडक्टरला अदबीने सांगायचे, "आम्ही उद्या येणार आहोत." मग घरी परत. दशम्या पुढच्या खोलीत सतरंजी टाकून खायच्या, कारण गडावर खाणंही तालमीत धरलेलं असायचं. काकू बिचाऱ्या दोन्ही दिवस तीच साडी नेसायच्या.

याला काका 'रंगीत तालीम' म्हणत. सातपूरच्या एका कारखान्यात ते स्टोअरमध्ये होते आणि कामगारांच्या नाटकात प्रॉम्प्टर. स्वतः कधी रंगमंचावर आले नाहीत. विंगेत उभं राहून दुसऱ्यांना त्यांची वाक्यं सांगायची, हे काम त्यांनी नोकरीभर केलं आणि तिथून एकच गोष्ट घरी आणली. "तालमीत चुका, पडा, विसरा. प्रयोगात नाही," हे वाक्य सिडकोतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होतं. दात काढायच्या आदल्या दिवशी ते दवाखान्यात नुसते बसून आले होते. डॉक्टरांनी आत बोलावलं तर म्हणाले, "आज नको, आज फक्त भीती बघायला आलोय."

आमची दोन घरं चिकटून. मधे एकच भिंत, तीही अशी की त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंक आमच्याकडे. काकू गेल्या तेव्हा मी शाळेत होते. झोपेतच गेल्या, कुणाला काही कळायच्या आत. त्यानंतर काका रोज दुपारी चारला आमच्याकडे चहाला येऊ लागले. आई त्यांचा कप वेगळा ठेवायची, आणि माझा अभ्यास, माझी भांडणं, माझे केस, सगळ्यात त्यांना मत असायचं. सख्ख्या काकांपेक्षा मला ते जवळचे होते, हे आत्ताच सांगून टाकते.

सीईटी नवीनच आली होती तेव्हाची गोष्ट. मला मार्क बरे पडले, पण एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकली. मुंबईहून प्रवेशाच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. चौकशी केल्यावर कळलं की फार तर नागपूरला बीडीएस मिळेल. बाबांचं म्हणणं, इंटरव्ह्यूला जाऊच नये, वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा द्यावी. डॉक्टर म्हणजे एमबीबीएस, दात काय कुणीही काढतो. आईला नागपूर लांब वाटत होतं. आणि मला काहीच कळत नव्हतं. सकाळी जावंसं वाटायचं, संध्याकाळी थांबावंसं. जेवण जाईना.

चारच्या चहाला काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि बशी खाली ठेवली. "यात भांडण्यासारखं काय आहे? दोन्हीची तालीम करू."

आधी जाण्याची तालीम. काकांचं घर म्हणजे नागपूरचं होस्टेल. मी बॅग घेऊन भिंतीपलीकडे राहायला गेले. काका वॉर्डन, काकाच मेसचे आचारी. त्यांची डाळ इतकी पातळ असायची की ताटात धरून ठेवायला भाताचा बांध घालावा लागे. आईशी फक्त फोनवर बोलायचं. आई फोनवर रडायची आणि तिचं रडणं मला भिंतीतून आधी ऐकू यायचं, फोनमधून नंतर. एकदा ती गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसली म्हणून मी हात केला, तर वॉर्डनांनी मला खिडकीतून बाजूला घेतलं. म्हणाले, नागपूरहून आपली गच्ची दिसत नाही.

दुपारी त्यांनी इंटरव्ह्यूचीही तालीम घेतली. लग्नातला कोट घालून बसले आणि डॉक्टर का व्हायचंय, हेच फिरवून फिरवून विचारत राहिले. मी उत्तर देताना अडखळले की साहेबांच्या खुर्चीतूनच हळूच प्रॉम्प्ट करायचे.

मग कुठून तरी त्यांना कळलं की दातांच्या कॉलेजात पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायला लावतात. मेण काही मिळालं नाही. त्यांनी कपड्याच्या साबणाची वडी आणि भाजीची सुरी पुढे ठेवली आणि दाढ कर म्हणाले. मी चिडून बसले. शेवटी आरसा घेतला, आ वासून स्वतःची दाढ बघितली आणि कोरायला लागले. तिला खोबणी असतात, उंचवटे असतात, एक बाजू जरा जास्त फुगीर असते. इतकी वर्षं तोंडात घेऊन फिरत होते आणि कधी बघितली नव्हती. मान वर केली तेव्हा चार वाजून गेले होते, काका समोर चहा घेऊन बसले होते आणि माझा चहा कधीच निवला होता. त्यांनी हाक मारली नव्हती.

मग थांबण्याची तालीम. मी माझ्या घरी, टेबलावर तीच जुनी पुस्तकं. काकांनी नातेवाइकांचं काम स्वतःकडे घेतलं. तासातासाने बेल वाजायची आणि दारात काका. कधी पदरासारखा टॉवेल घेऊन मनमाडची आत्या, कधी चष्मा नाकावर ओढून बाबांचे साहेब. प्रश्न एकच, "मग, यंदा काय करते आहेस?" संध्याकाळी ते स्टोअरमधला पांढरा कोट घालून आले. आता ते माझी मैत्रीण होते, दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजातून घरी आलेली, आणि मेसची तक्रार करत होते. हसून हसून आईची पुरेवाट झाली. मला मात्र हसू येईना. पुस्तकाआड मी पुन्हा ती साबणाची दाढच कोरत बसले होते, हे बाबांनी पाहिलं.

"नागपूर," मी म्हटलं. बाबा बराच वेळ दाढ हातात धरून उलटीपालटी करत राहिले. मग म्हणाले, चांगली झालीय.

मुंबईत इंटरव्ह्यू झाला. नुसतं नाव इंटरव्ह्यू. माझ्याहून जास्त मार्कांचे लोक जागा घेऊन गेले होते, उरलेल्यांतली कोणती हवी एवढंच टेबलापलीकडच्या गृहस्थांनी विचारलं. मी नागपूर सांगितलं. डॉक्टर का व्हायचंय हे कुणाला जाणून घ्यायचं नव्हतं. मी तरी उत्तर मनातल्या मनात म्हणून घेतलं, फुकट कशाला घालवा.

हे सांगायला मी घरी येऊन चारची वाट बघितली. काका आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आईने भिंतीवर थाप मारली तर पलीकडून उत्तर आलं, "कामात आहे." रिकाम्या माणसाला काम कसलं? बॅग भरेपर्यंत त्यांचा कप आमच्याकडे उपडाच राहिला. बाबा म्हणाले, त्यांना तू थांबायला हवी होतीस, रागावले असतील. मला ते फार लागलं. ज्यांच्यामुळे ठरवलं तेच तोंड फिरवून बसले, म्हणून मलाही राग आला, आणि निघायच्या दिवशी चार वाजता मी तरातरा त्यांच्या घरात शिरले.

काका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकटे बसले होते. पुढे एक कप, त्यात काळाभोर चहा. समोरची खुर्ची रिकामी. ते त्या खुर्चीकडे बघत होते.

"माझ्यावर रागावलात का?"

"छे. तालीम चालली आहे."

"आता कसली?"

"तू नसल्याची." त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "तुझ्या काकूच्या वेळी तालीम झाली नाही. एकदम प्रयोगच लागला. या खेपेला म्हटलं, आधीपासून बसावं."

मी विचारलं, "जमतंय का?"

"नाही अजून. पण म्हणून प्रयोग पुढे ढकलायचा नसतो."

मी रडायला लागले. काका उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. एरवी शुद्ध बोलणारा माणूस, पण त्यांच्या सटाण्याकडची बोली तोंडी आली. "रडू नको पोरी, मी आठेच शे." इथेच आहे, म्हणाले.

मी समोरची खुर्ची ओढली, बसले आणि म्हटलं, आज तालमीला सुट्टी. काकांनी पातेल्यात पुन्हा पाणी ठेवलं. मग दुसरा कप शोधू लागले. तो त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवर, पार मागे ढकलून ठेवला होता. काढायला स्टूल घ्यावं लागलं.