डाव्या बाजूचे चार सेकंद

आमचे शेजारी बाळाराम एटीएमलाही नमस्कार करतात. आधी मशीनच्या अंगावर दोन टिचक्या, मग तीच बोटं कपाळाला, आणि मगच कार्ड. मागे रांग कितीही खोळंबो. "तिला पयला सांगायला लागतं बाई, मग ती काम करते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या मिक्सरलाही त्यांनी असंच सांगितलंय, आणि नव्या लॅपटॉपलासुद्धा.

दुसरी खोड अंगठ्याची. चहा दिला की पिण्याआधी कपाच्या कडेवरून अंगठा फिरवतात. "ह्याला बर हाय." धातू कापल्यावर कडेला जी बारीक, बोचरी धार राहते, तिला कारखान्यात बर म्हणतात. पुढच्या वेळी येताना खिशात कानस असते. माझ्या घरातल्या स्टीलच्या एकाही भांड्याला आता धार उरलेली नाही. किसणी मी लपवून ठेवली आहे.

मुरबाडच्या एमआयडीसीत गिअरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते तीस वर्षं हेच काम करतात. कापकाम कधीच कॉम्प्युटरच्या मशीनवर गेलं. बर काढणं तेवढं हातांनी चालायचं. यंदा तिथेही रोबोटचा हात आला. मला वाटलं, बाळाराम रुसतील. उलट ते खूश होऊन आले.

"बाई, त्याला मी शिकवतो! त्याचा हात धरायचा नि काम करून दाखवायचं. पोराला पाटीवर गिरवायला लावता ना तुमी, तसं."

पठ्ठ्या सगळं शिकला. सगळं म्हणजे सगळंच. प्रत्येक तुकडा उचलला की तो मशीनवर दोनदा टकटक करी, मग बाळारामांच्या कपाळाच्या उंचीवर नेई, आणि मगच फिरत्या पट्ट्यावर घासायला घेई. शेवटी तुकडा डावीकडे रिकाम्या हवेत पुढे करून चार सेकंद थांबे, मग ट्रेमध्ये ठेवी. कामगार पोट धरून हसले. पुण्याहून आलेल्या इंजिनिअर मॅडम मात्र हसल्या नाहीत. या तिन्ही फालतू वेळखाऊ हालचाली सोमवारी पुसून टाकू, म्हणाल्या.

रविवारी सकाळी बाळाराम कोरा कागद घेऊन माझ्या दारात.

"बाई, इंग्रजीत अर्ज लिवा. टकटक काढा, नमस्कार काढा, माझं काय म्हणणं नाय. डावीकडचं थांबणं ठेवा."

"मराठीत लिहा की. साहेब मराठीच आहेत."

"मराठीत लिवला तर साहेब समजतो, विनंती हाय. इंग्रजीत लिवला तर समजतो, नियम हाय."

मी तारीख घातली, विषय लिहिला आणि विचारलं, "कारण काय लिहू?"

"सवय."

"सवय हे कारण होत नाही, बाळाराम."

ते बराच वेळ कपाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. त्या कपाला बर नव्हता, तो त्यांनीच काढला होता.

"किन्हवलीचा जयवंता माझ्या डाव्या हाताला उभा रायचा. बावीस वर्षं. मी तुकडा पुढं करायचा, तो अंगठा फिरवायचा. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. रोबोटला शिकवताना माझा हात आपसूक तिकडं गेला, बाई. मला कळलंपण नाय."

मी खाली मान घालून अर्ज पूर्ण केला. प्रत्येक तुकडा ट्रेमध्ये जाण्यापूर्वी अनुभवी माणसाच्या अंगठ्याखालून जाणं गुणवत्तेसाठी आवश्यक आहे, असं लिहिलं. यात खोटं एक अक्षर नाही.

मॅनेजरसाहेबांनी त्यावर शेरा मारला: बाळाराम निवृत्त होईपर्यंत मंजूर. म्हणजे अजून एक वर्ष.

काल ते चहाला आले तेव्हा मी विचारलं, "मग आता डावीकडे कोण उभं असतं?"

"मीच. तो तुकडा पुढं करतो, मी अंगठा फिरवतो, बोलतो, जाऊ दे."

"जयवंता असंच म्हणायचा का?"

"छे हो! तो आधी एक शिवी घालायचा." बाळाराम हसले आणि कप खाली ठेवला. "तेवढी मी मनात घालतो."