देसलेकाका गिऱ्हाईक होऊन येतात

"मी गेलो कल्यानला!"

भर बाजाराच्या दिवशी, दुकानात माणसं उभी असताना, कोणी असं ओरडून पायरी उतरू लागलं तर ते आमचे देसलेकाका समजावेत. ते कल्याणला वगैरे जात नाहीत. पलीकडच्या रसवंतीपर्यंत जातात आणि परत येतात.

मुरबाडला माझं नळ, पाइप आणि पाण्याच्या मोटरींचं दुकान आहे. काका शहापूरचे कर सल्लागार, माझं जीएसटीचं काम बघतात. त्यांनी यावं, बिलं घ्यावीत, जावं. पण नाही! आधी काउंटरसमोर गिऱ्हाईक होऊन उभे राहणार. "अर्ध्या इंचाचा कॉक दाखव रे." मी फोनवर असलो किंवा कॉक लवकर सापडला नाही, की गेले कल्याणला.

"अहो काका, खरी गिऱ्हाइकं बघतायत!"

"ती बी अशीच कल्यानच्या दुकानात जातात. फक्त वरडत नाय."

त्यांच्या हट्टापायी मी काउंटर हलवला, नळ दारात टांगले. आता येणारा-जाणारा ते फिरवून बघतो. घेत कोणी नाही.

मग फोन सुरू झाले. आवाज बदलून, "हॅलो, मी वैशाखऱ्यावरनं बोलतोय. बोरची मोटर जळली. मानूस पाठवाल का?" मी लगेच ओळखायचो. "वळखलंस ते सोड, उत्तर नीट दे," म्हणून वर मलाच ऐकवायचे.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा तसाच फोन. वैशाखरे, मोटर, माणूस. माझं डोकं फिरलं. "काका, पुरे करा हा तमाशा!"

"काका कोनाला बोलतो रे?"

तो खरोखरच वैशाखऱ्याचा माणूस होता. घरात लग्न, आणि पाणी नाही. त्याने मोटर दुसरीकडून घेतली आणि मुरबाडचा दुकानदार गिऱ्हाइकावर वसकतो, हे गावभर सांगितलं.

झालं! हा सल्लागार नको, मी ठरवलं. कल्याणची ऑफिसं मोबाइलवर बिलांचे फोटो घेऊन सगळं काम करतात. दुकानात येऊन छळत नाहीत. आपली फाईल मागून आणायला मी शहापूर गाठलं.

इतक्या वर्षांत काकांच्या ऑफिसात पहिल्यांदाच गेलो. एक खोली, रिकाम्या खुर्च्या, आणि काका. मला बघून धडपडत उठले. खुर्ची पुसली, चहा सांगितला. चहा यायच्या आत भजीही सांगितली.

"आज गर्दी नाही?" मी विचारलं.

"कोन येतंय आता? सगळी मोबाइलवर गेली. तुझंच एक दुकान राहिलंय."

"मग तुमच्या मुलाकडे परगावी राहायला का जात नाही?"

"बोलवतो तो. पन तिथं सकाळचं उठून मी कोनाच्या दुकानात जाऊ?"

मी भजी खाल्ली. फाईलचं नाव काढलं नाही. वैशाखऱ्याची गोष्ट मात्र सांगितली. काका ठसका लागेपर्यंत हसले. मग पाणी पिऊन म्हणाले, "त्याला फोन कर. लग्न नीट पार पडलं का, इचार. मोटरचं काय बोलू नको."

बसपर्यंत सोडायला आले. "परत कवा येशील?"

"मंगळवारी दुकान बंद असतं. येतो."

त्यांचा चेहरा उजळला. पण क्षणभरच. "मंगळवारी बंद? आनि गिऱ्हाइकानं काय करायचं?"

बस हलेपर्यंत खिडकीखाली उभं राहून ते मला झापत होते. ऊन थेट तोंडावर येत होतं, तरी मी काच ओढली नाही.