म्हातारीचं अ‍ॅव्हरेज

माझ्या गाडीला नावं ठेवायची नाहीत, आधीच सांगून ठेवतो! लग्नाआधीपासून ती माझ्याकडे आहे. बायको तिला 'म्हातारी' म्हणते, मीही लाडाने तेच म्हणतो. पण मेहुण्याने हायब्रीड गाडी घेतली आणि घरात भांडण शिरलं.

"भावोजी, तुमची म्हातारी पेट्रोल पीत नाही, ढोसते!"

"हो का? लाव पैज! अ‍ॅव्हरेजमध्ये तुझ्या खेळण्याला धूळ चारेल!"

बायकोने संधी साधली. दोन्ही टाक्या काठोकाठ भरायच्या, गावाबाहेरच्या पंपापर्यंत जायचं, तिथे पुन्हा भरायच्या. जिच्यात कमी पेट्रोल मावेल ती जिंकली.

"म्हातारी हरली तर उद्या भंगारात! आणि गाड्यांची अदलाबदल करा. आपापली गाडी दिली तर दोघंही ढकलत न्याल."

म्हणजे म्हातारी मेहुण्याच्या हातात! पण मग डोकं चाललं. हायब्रीड तर माझ्याच हातात होती! मी ती सरळ बाजारातल्या कोंडीत घातली. तिथे भल्याभल्या गाड्यांची टाकी आटते. वर हातभर जाऊन ब्रेक, पुन्हा हातभर जाऊन ब्रेक!

"अहो, हे काय चाललंय?" पंच म्हणून शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं.

"शॉर्टकट!"

इतक्यात लक्षात आलं, इंजिनाचा आवाजच नाही! मी खिडकीतून डोकं काढून अख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलं, "हायब्रीड बंद पडली हो!"

मागचा टेम्पोवाला म्हणाला, "मग चालतेय कशी, काका?"

खरंच की! बायको खो-खो हसत सुटली. "अहो, कोंडीत ही बॅटरीवर चालते. ब्रेक मारला की बॅटरी भरते. मारा, अजून मारा!"

स्वतःच्याच पायावर धोंडा! मी घाम पुसतोय तोच मेहुण्याचा फोन. "भावोजी, म्हातारी पहिल्याच चौकात बसली. हलायचं नाव घेत नाही!"

संपलं सगळं. मी परत फिरलो. दोरी तिच्या डिकीत होतीच. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं शहाणपण येतं. तिला हायब्रीडच्या मागे बांधली, मेहुणा तिच्या स्टिअरिंगवर बसला आणि आमची वरात निघाली. आरशात तिचे दिवे दिसले आणि मला भरून आलं. उद्या भंगारात!

पंपावर हायब्रीडने बऱ्यापैकी पेट्रोल घेतलं. एवढं ओझं ओढल्यावर घेणारच. मग म्हातारीची पाळी. पंपवाल्याने नळी घातली न घातली तोच काढली.

"साहेब, ही तर भरलेलीच आहे."

"जिंकली!" मी टुणकन उडी मारली. "माझी म्हातारी जिंकली!"

"ताई, हा काय न्याय झाला?" मेहुणा किंचाळला.

बायकोने हसू दाबलं, पण बाई शब्दाची पक्की! "कमी मावेल ती जिंकली. नियम माझाच आहे. ठेवा तुमची म्हातारी!"

आनंदाच्या भरात मी पंपवाल्याला मिठी मारली. 'जुनं ते सोनं' यावर मेहुण्याला भाषणही ठोकलं. त्याने दोरी सोडून माझ्या हातात ठेवली आणि आपल्या गाडीत जाऊन बसला.

"अभिनंदन, भावोजी! चल ताई, आपण निघू. भावोजी येतील त्यांच्या चॅम्पियनमधून."

बायको खुशाल बसलीसुद्धा! गाडी आवाज न करता निघाली, आणि दोरी फडकावत मी मागे धावलो.

"अरे, थांब! थांब की! काय सुंदर गाडी घेतलीयस रे तू!"