ताई बसल्या!

भाऊजींना राजकारणात काडीचा रस नव्हता. त्यांना फक्त माळा साफ करायचा नव्हता. बायकोनं स्टूल पुढे सरकवलं, तेवढ्यात तिची मोठी बहीण दारात उभी. "मी वॉर्डातून उभी राहतेय!"

"ताई, प्रचार माझ्याकडे!" भाऊजी गरजले. (ताई त्यांना भाऊजी म्हणायच्या, मग सगळी गल्लीच म्हणायला लागली.)

"आधी माळा," बायको म्हणाली.

"आधी समाज!"

ताई निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर पोरांना बाकावर उभं केलं, आता स्वतः उभ्या राहिल्या. कुलूप लागलेलं वाचनालय पुन्हा उघडायचं, हा एकच ध्यास. बायकोनं बजावलं, "माझ्या बहिणीचं जन्माचं स्वप्न आहे. घोळ घातलात तर घरात पाऊल ठेवू नका."

भाऊजींकडे माइक आला. (ऑफिसात साहेबांपुढे 'हो'शिवाय शब्द न फुटणारा माणूस! म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.)

शेवटची सभा चौकात होती आणि आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांत कर्णे लावलेले. ताई सकाळपासून पायांवर. बायको भाऊजींच्या कानाला लागली, "अहो, ताईचे पाय बघा, कसले सुजलेत. बसवा तिला!"

भाऊजींना भरून आलं. त्या भरात माइक बंद करायचा राहिला.

"ताई, बसा आता! उभं राहणं तुम्हाला झेपायचं नाही. बसा, मी सांगतो लोकांना!"

चौकातल्यांना खुर्ची दिसली. गल्लीतल्यांना नुसतं ऐकू आलं.

"अगं बाई! ताई बसल्या!"

"बसल्या? आदल्या दिवशी?"

"बहिणीच्या नवऱ्यानंच बसवलं म्हणे!"

निवडणुकीत बसणं म्हणजे माघार घेणं, हे भाऊजींच्या डोक्यात शिरलं तेव्हा विरोधी उमेदवार, म्हणजे कोपऱ्यावरचा चष्मेवाला, त्यांना कडकडून मिठी मारत होता. "भाऊजी, उपकार विसरणार नाही!"

बायकोनं नुसतं पाहिलं. त्या नजरेनं दूध नासलं असतं.

भाऊजींनी माइकवर झडप घातली. "ताई बसलेल्या नाहीत! ताई उभ्या आहेत! मतदान होईपर्यंत उभ्याच राहतील!" आणि ताईंच्या खालची खुर्ची ओढली.

झालं! खात्री करायला अख्खा वॉर्ड लोटला. ताई जरा टेकल्या की कुणीतरी ओरडे, "बसल्या, बसल्या!" आणि भाऊजी त्यांना दंडाला धरून उठवत. घरोघरी गेल्या तर उभ्यानं. पाणी प्यायल्या ते उभ्यानं. रिक्षात तर बिचाऱ्या कंबरेत वाकून, टपाला डोकं लावून तरंगत होत्या.

"भाऊजी, मरते हो मी!"

"उभ्यानंच मरा ताई, उद्या मतदान आहे!"

आणि ताई दणदणीत निवडून आल्या. लोक म्हणत होते, जी बाई काही केल्या बसत नाही, ती वाचनालय उघडल्याशिवाय राहायची नाही.

निकालानंतर ताई बहिणीकडे आल्या, गरम पाण्यात पाय सोडले आणि "हाश्श" करून एकदाच्या बसल्या. भाऊजी कौतुकाच्या आशेनं शेजारी बसायला गेले.

"थांबा," ताई म्हणाल्या. "आता तुम्ही उभं राहायचं, भाऊजी."

भाऊजींची छाती फुगली. बायकोकडे बघत त्यांनी कॉलर नीट केली. "तुमचा आग्रहच असेल तर... कुठून उभा राहू?"

"स्टुलावरून," बायको म्हणाली आणि हातात झाडू दिला. "आणि माळा होईपर्यंत बसायचं नाही."