ठिबकणारं बोधचिन्ह

"थेंब काढायचा म्हणजे काढायचा!" धाकट्या सूनबाईंनी टेबलावर हात आपटला. "पाणी वाचवा म्हणून जगाला सांगायचं आणि आपल्याच बोधचिन्हातला नळ चाळीस वर्षं ठिबकतोय? शोभतं का?"

नळांच्या कारखान्याचे मालक, म्हणजे त्यांचे सासरे, दचकले. "अगं, तो थेंब तुझ्या सासूबाईंनी रेखाटलाय! स्वतःच्या हातानं!"

"मी समजावते त्यांना."

सासूबाई दोन दिवस फुरंगटून बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काढ बाई! माझं काय उरलंय इथे!" सूनबाईंनी हा होकार मानला.

सोमवारी पाट्यांवर, खोक्यांवर नवा नळ झळकला. कोरडा ठणठणीत! दुपारी सगळ्यात मोठ्या दुकानदाराचा फोन.

"वहिनी, गिऱ्हाइकं विचारतायत, या नळाला पाणी येत नाही का?"

"अहो, तो पाणी वाचवतोय!"

"ते तुम्हीच येऊन सांगा. माझं कुणी ऐकत नाही."

"मुकाट्यानं थेंब परत घाल," सासरे म्हणाले.

पण सूनबाई हटतात कसल्या! बादली उचलली, दुकान गाठलं, पाण्याच्या टाकीला नळ जोडला आणि खड्या आवाजात सुरुवात केली, "आमचा नळ बंद केला की बंद! एक थेंब पडणार नाही!"

ही गर्दी जमली. सूनबाईंनी ऐटीत नळ बंद केला.

टप्प. टप्प.

दुकान हास्यानं दणाणलं. सूनबाईंचे कान लालबुंद झाले. दुसरी कुणी तोंड लपवून पळाली असती. त्यांनी पान्हा मागितला, तिथेच नळ खोलला आणि आतली वाकडी रबरी चकती घेऊन तडक कारखाना गाठला.

"सगळा माल परत बोलवा! चकती बदलल्याशिवाय एक नळ बाहेर जाणार नाही!"

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "तू चित्र बदलायला निघाली होतीस ना गं?"

"आधी नळ बदलू, बाबा. नाहीतर चित्र खोटं पडेल."

मग तर सासूबाईही चष्मा लावून तपासणीला बसल्या. "ठिबकतोय. न्या परत!" त्यांच्या धाकानं कारागीर चळाचळा कापत. दोन महिन्यांत नळ असे घट्ट बंद होऊ लागले, की गळती हा शब्दच लोक विसरले.

आणि पुढे दोन महिन्यांनी एका सकाळी फाटकाशी शंभरेक प्लंबर उभे! सत्कारालाच आले असणार! सूनबाईंनी केस सारखे केले, चेहऱ्यावर विनय आणला आणि बाहेर आल्या.

"वहिनी," त्यांचा म्होरक्या हात जोडून म्हणाला, "पाणी वाचलं, छान झालं. पण दोन महिने आम्हाला एका घरातून बोलावणं नाही. आता आमचं पोट वाचवायला कुठलं चित्र काढताय?"

सूनबाईंनी मागे वळून शंभर चहा सांगितले.