साळूची हळद

लंगड्या साळूला पुन्हा कळपात घालणं इतकं महागात पडेल, हे ठाऊक असतं तर गोजरबाईनं तिला उंबऱ्याबाहेर काढलंच नसतं. साळू म्हणजे तिची लाडकी कोंबडी. उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडला, तेव्हापासून ती घरातच होती. हळदीचे लेप झाले, फडक्याच्या पट्ट्या झाल्या. पाय वाकडा तो वाकडाच राहिला, पण बाईसाहेबांचा थाट वाढला. ती बाजेवर बसायची, चहात बुडवलेली खारी खायची आणि गोजरबाईचा नवरा गहिनीनाथ टेकायला आला की त्याच्याच मांडीला टोच मारायची.

"आयतवारी जावई येतोय," गहिनीनाथनं बजावलं. "आखाडाचा शेवटचा आयतवार, पुढं श्रावण. तवर ही बाकीच्यांत मिसळली तर मिसळली. न्हाईतर हिचाच रस्सा."

"आवं, लेकरावानी जपलीया म्या तिला."

"म्हून तर वजनाला चांगली भरलीया."

गोजरबाईनं लगोलग साळूला उचललं. तिला परसात सोडलं, तर बाकीच्या कोंबड्या तिच्यावर अशा तुटून पडल्या, जशी भावकी वाटणी मागणाऱ्यावर पडते. डालग्याखाली झाकली, तर फटींतून चोची आत येऊ लागल्या. रविवार उजाडला तरी तेच. गहिनीनाथ जावयाला आणायला कोल्हारच्या स्टँडवर गेला.

तेव्हा कुठं गोजरबाईच्या डोक्यात उजेड पडला. लेपांनी साळू पिवळीजर्द झाली होती. कळपात एकटी पिवळी, म्हणूनच मार खात होती. धुऊन हळद जाईना. मग काय, तिनं घमेलंभर हळद कालवली आणि एकेक कोंबडी धरून बुचकळली. कोंबडा सगळ्यात चिवट, त्यानं निम्मी हळद गोजरबाईलाच लावली. पण सगळा कळप पिवळा झाला आणि कोण कुठली, हे कुणालाच कळेना. साळू लंगडत मधोमध गेली, दाणे टिपू लागली, कुणी हूं की चूं केलं नाही. गोजरबाईनं आनंदानं जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या.

नेमकी तेव्हाच शेजारची बायडाबाई कुंपणाशी आली. आता आखाडात हळद लावलेली कोंबडी म्हणजे देवाला द्यायची कोंबडी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. इथं तर अख्खा कळप माखलेला, वर मालकीणही माखलेली. "केवढा मोठा नवस गं बाई," म्हणत ती जी पळाली, ती उत्तर ऐकायला थांबलीच नाही. घटकाभरात अंगणात सगळी आळी लोटली. कुणी कांदे चिरायला बसलं, कुणी पातेलं आणलं, तीन विटांची चूलसुद्धा मांडून झाली.

तेवढ्यात गहिनीनाथची मोटारसायकल येऊन थांबली. मागं जावई अमृत बसला होता.

"मामा, माझ्यासाठी एवढा थाट कशाला केला?" तो लाजून म्हणाला.

गोजरबाईनं नवऱ्याच्या कानात सगळी हकीकत सांगितली. तो चवताळला, पण जेवायला आलेली माणसं उपाशी परत कशी पाठवायची? "कापू की," तो दात खात म्हणाला. "ही लंगडी घ्या."

गोजरबाईनं साळूला पदराखाली घेतलं. तोवर बायडाबाई कडाडली, "अधू जित्राब देवाला चालतं व्हय? तिला सोडा. बाकीच्या समद्या धरा." कुणीतरी सुरी घेऊन कोंबड्याकडं वळलंसुद्धा.

गहिनीनाथ धावत आडवा आला. अंडी देणारा सगळा कळप डोळ्यांदेखत पातेल्यात चालला होता. "थांबा," तो ओरडला. "कापायचा नवस न्हाई, सोडायचा हाय. समद्या देवाला सोडल्यात. आता मरूस्तवर कुनी हात लावायचा न्हाई."

"साळूला बी?" गोजरबाईनं चारचौघांत विचारून घेतलं.

"तिला बी."

कांदे चिरलेलेच होते, मग पिठलं झालं. आखाडाच्या शेवटच्या रविवारी अख्ख्या आळीनं पिठलं-भाकरी ओरपली. साळू पंगतीतून चुरा टिपत हिंडत होती आणि तिला हाकलायची कुणाची छाती नव्हती.

गहिनीनाथ जावयाजवळ सरकला. "पाव्हणं, बुधवारपतूर आखाड हाय. मीच येतो तुमच्या देवळालीला. एखादी कोंबडी आसंलच की तुमच्यात."

"हाय की," अमृतचा चेहरा खुलला. "एका डोळ्यानं आंधळी हाय. आईचा लई जीव तिच्यावर, पर बाकीच्या तिला टोचून काढत्यात. तुमी कशाला तरास घेता, मामा? मीच तिला इथं सोडाय आनतो."

"खुशाल आना," गोजरबाई भाकरी वाढत म्हणाली.

गहिनीनाथनं पिठल्यासाठी ताट पुढं केलं.