डगला नामंजूर

वर्तमानकाळ माणसाला फुकट मिळतो, म्हणून त्याची कुणाला कदर नसते. भूतकाळ मात्र ज्याचा त्याने हाताने शिवावा लागतो. हे थोर सत्य उमगलेल्या बासष्ट सुजाण नागरिकांनी मिळून 'गतकाल पुनरुज्जीवन मंडळ' स्थापन केलं आहे. वर्षातून एकदा, शहराबाहेरच्या मैदानावर, हे मंडळ तीनशे वर्षांपूर्वीची एक लढाई रविवारी जशीच्या तशी लढतं. (मूळ लढाई मंगळवारी झाली होती. पण मंगळवारी रजा मिळत नाही.)

मंडळाचा कारभार शिस्तीचा आहे. बासष्टांपैकी एक्केचाळीस जणांना सेनापती व्हायचं असतं, वीस जणांना सेनापतीचे खास सल्लागार, आणि उरलेल्या एकाला घोडा सांभाळायचा असतो; मंडळाकडे घोडा नाही. शत्रू व्हायला कुणीच राजी नसल्यामुळे मासिक सभेला उशिरा येणाऱ्यांना शत्रू नेमण्यात येतं. (यंदा शत्रूचं बळ फार वाढलं आहे. रस्त्याचं काम चालू आहे.)

या सगळ्यावर देखरेख ठेवायला 'अस्सलता समिती' आहे. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले मंडळाचे अध्यक्ष, दातांचे एक डॉक्टर आणि संगणकाचं काहीतरी करणारे एक गृहस्थ असे तिचे तीन सदस्य. मंडळात येण्यापूर्वी तिघांनी मिळून आयुष्यात चार बटणं शिवली होती आणि त्यांतली तीन अजून जागेवर आहेत. नियम साधा: लढाईत उतरणाऱ्याने आपला डगला आपल्या हाताने शिवायचा, समितीने तो भिंगाखाली तपासायचा. डगला मंजूर झाला तर माणूस सैनिक, नाहीतर दोरीपलीकडे उभा राहणारा प्रेक्षक.

आता योगायोग असा, की अध्यक्षांचे व्याही पेशाने शिंपी होते. बाजाराच्या कोपऱ्यावर तेहतीस वर्षं दुकान. कानामागे खडू, गळ्यात टेप. दोन्ही घरं एकत्र जमली की अध्यक्ष लढाईवर तासभर बोलत आणि शिंपी "हो का?" म्हणत बसे. मुलीच्या सासरी आपल्याही हाताला चार माणसांत मान मिळावा, असं त्याला मनापासून वाटायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि म्हणून ते बायकोला पक्कं ठाऊक होतं.

यंदा त्याने अर्ज केला. अकरा संध्याकाळी बसून, मशीनवर चादर टाकून, हाताने डगला शिवला. समितीचा शेरा आला: 'सादर डगल्यातील टाके समान लांबीचे, समान अंतराचे व सरळ रेषेत आढळले. सबब, डगला यंत्रावर शिवल्याचा सबळ संशय. नामंजूर.'

"व्याही, हाताने शिवलाय हो मी," शिंपी म्हणाला.

"तुमच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण टाक्यांवर कसा ठेवू?" अध्यक्षांनी स्वतःचा डगला पुढे केला. उजवी बाही डावीपेक्षा चार बोटं लांब होती आणि गळा खांद्याकडे निघाला होता. "हे बघा. याला म्हणतात हात!"

शिंप्याने सवयीने कानामागचा खडू काढून बाहीवर खूण केली. हे समितीला आवडलं नाही.

"पण तीनशे वर्षांपूर्वी शिंपी नव्हते का?" त्याने विचारलं.

"होते ना," दातांचे डॉक्टर म्हणाले, "पण मशीन कुठे होतं? मग टाका सरळ येईल कसा?"

शिंपी डगल्याची घडी घालून घरी घेऊन गेला.

दुसरा डगला त्याने चष्मा काढून शिवला. डावी बाही डाव्या हाताने शिवली. कॉलर तर खड्ड्यांतून जाणाऱ्या बसमध्ये उभ्याने लावली. समितीने पाहून सांगितलं की टाके आणखीच सरळ आलेत, प्रगती उलट्या दिशेने आहे. मुलगी माहेरी धावत आली.

"बाबा, एकदाच वाईट शिवा ना हो. माझ्यासाठी."

"अगं, जीव तोडून प्रयत्न करतोय," तो मान खाली घालून म्हणाला. "जमतच नाही."

ते ऐकून बायको पुढे सरसावली. घरात शिंपी असल्यामुळे लग्नापासून तिने सुई हातात धरली नव्हती. तिने तिसऱ्या डगल्याचं कापड ओढलं, फोन खांद्याशी धरला, आणि बहिणीशी गप्पा मारत एका दुपारात डगला उरकला. एक खिसा बंद झाला. एका जागी सोफ्याचं कव्हरही शिवलं गेलं; ते तिने कात्रीने सोडवलं, पण थोडं डगल्यालाच राहिलं.

समितीसमोर तिने खरं ते सांगून टाकलं: "हा मी शिवलाय. यांच्याच्याने होत नव्हतं." तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. दातांच्या डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. शेरा लिहिला गेला: 'या टाक्यांत त्या काळचा श्वास आहे. सोफ्याचा तुकडा विशेष उल्लेखनीय.' आणि नियमाप्रमाणे जिचा डगला ती सैनिक. आठवड्याभरात ती हस्तकला विभागाची प्रमुख झाली आणि पंधरवड्यात मंडळाची एकुलती एक तोफ तिच्या ताब्यात आली.

"विहीणबाई, आपलं भाग्य थोर," अध्यक्ष म्हणाले.

"ते असू द्या. हे दोरीपलीकडे उभे राहिले, तर तोफ उडणार नाही."

मंडळाने मोठ्या मनाने मार्ग काढला. लढाईच्या दिवशी मैदानाच्या कडेला हस्तकलेचा बाजार भरतो. तिथे शिंप्याला एक टेबल मिळालं. त्याने लोकांदेखत बसून हाताने बटवे शिवायचे. शिंपी हरखला. सुई हातात, दोरा डोळ्यांसमोर, मैलभरात वीज नाही. आता कोण काय संशय घेणार?

शेजारी बायकोचं टेबल होतं. तिच्या वाकड्या बटव्यांपुढे तोफेपर्यंत रांग लागली होती. शिंप्याकडे दिवसभरात एकच जण थांबला. म्हणजे तुम्हीच.

तुम्ही चांगली दोन मिनिटं पाहत उभे होता. सुई आत गेलेली, बाहेर आलेली, टाक्यामागून टाका पडलेला, सगळं तुम्ही पाहिलंत. शिंप्याने हात थांबवला आणि तेहतीस वर्षांची आशा घेऊन मान वर केली. तुम्ही वाकून बटव्यावरून बोट फिरवलंत आणि अगदी मनापासून म्हणालात, "वा, काय हात आहे! अगदी मशीनसारखं!"

आणि जाऊन शेजारच्या रांगेत उभे राहिलात.